ट्रॅक्टरलाही गोठा हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागात चिखलणी उरकली, रोपे लागली आणि ट्रॅक्टर घरी आले. आता दसरा-दिवाळीपर्यंत, ऊसतोडणी सुरू होईतो, त्यांतल्या बहुतेकांना फारसे काम नाही. आमच्या गावात सकाळी चक्कर मारली की हे ट्रॅक्टर दिसतात: कुणाचा गल्लीत, कुणाचा देवळाजवळच्या पिंपळाखाली, कुणाचा परड्यात उकिरड्याच्या कडेला. कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांनीच विचार करावा.

गेल्या वर्षी मीही चिखलणीनंतर ट्रॅक्टर फणसाखाली लावला. वर ताडपत्री टाकून चारी बाजूंनी दोरीने आवळली. सायलेन्सरचे तोंड तेवढे बाहेर राहिले. नवरात्राच्या आधी रताळ्याच्या रानात जायचे म्हणून सेल्फ मारला, तर ‘टक्’ असा आवाज होऊन इंजिन जागीच अडकले. बॅटरी उतरली असेल असे वाटून शेजाऱ्याची बॅटरी आणली आणि पुन्हा मारला. तिथे माझे चुकले. मेस्त्रीने हेड उतरवले तेव्हा एका सिलिंडरमध्ये पाणी होते. सायलेन्सरच्या उभ्या नळीतून पाऊस खाली उतरतो आणि ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारी झडप) उघडा राहिलेला असतो त्यात जाऊन साचतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर अडला आणि कनेक्टिंग रॉड वाकला. 40 हजारांच्या वर खर्च आला, शिवाय ऐन कामात भाड्याचा ट्रॅक्टर. एक रिकामा डबा त्या नळीवर पालथा घातला असता तर हे टळले असते.

ताडपत्रीबद्दलही सांगायला हवे. घट्ट आवळलेल्या ताडपत्रीत ओल कोंडते, ऊन पडले की आतल्या आत घाम सुटतो आणि तारांच्या जोडांवर हिरवी पूड चढते. झाकण वरून असावे, बाजूंनी वारा खेळला पाहिजे.

आपल्या भागात बैल कधी कुणी रात्रभर पावसात बांधला नाही. घर बांधताना आधी गोठ्याची जागा ठरायची, माणसे आणि जनावरे एकाच कौलाखाली असायची. बैल गेले, गोठ्यांच्या खोल्या झाल्या. त्यांच्या जागी 7-8 लाखांचे कर्ज काढून आणलेला ट्रॅक्टर मात्र उघड्यावर राहिला. खंडेनवमीला आपण त्याला हळद-कुंकू लावतो, हार घालतो, आणि ते मनापासून करतो. मग त्याला छप्परही दिले पाहिजे, असे मला वाटते.

फार मोठे काम नाही ते. रोटाव्हेटर जोडलेला ठेवायचा असेल तरी 12 फूट रुंद आणि 18 फूट लांब जागा पुरते. उंची 10 फूट ठेवली की सायलेन्सर अडत नाही. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, म्हणून ती बाजू बंद आणि तोंड पूर्वेला. जमीन आजूबाजूपेक्षा वीतभर उंच करून मुरूम चोपावा. त्याच छपराखाली पिंजर (भाताचा पेंढा) रचायचा मोह सगळ्यांनाच होतो, पण तो टाळावा. तारेची एक ठिणगी पडली तर गंजीबरोबर ट्रॅक्टरही जाईल, आणि पिंजर म्हटले की उंदीर आलेच. तारा कुरतडायला आणि एअर क्लीनरच्या नळीत घरटे करायला त्यांना आठवडा पुरतो. खताची पोतीही तिथे नकोत. युरिया, पोटॅश हवेतली ओल ओढून घेतात आणि जवळच्या लोखंडाला गंज चढवतात.

उभा करण्याआधी चिखल धुवून मग ग्रीस मारावे, म्हणजे सांध्यांत शिरलेले पाणी बाहेर निघते. डिझेलची टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतून पाणी धरते आणि ते पंप व नोझलपर्यंत जाते. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी आणि महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी. क्लचचे पेडल लाकडी ठोकळ्याने दाबून ठेवावे, नाहीतर ओलीने प्लेट चिकटून बसते. अवजार उचलणारे हायड्रॉलिकचे हात खाली टेकवावेत. अधूनमधून इंजिन चालू करायचेच असेल तर चांगले गरम होईपर्यंत चालवावे. दोन मिनिटांत बंद केले तर ओल आतच राहते.

वेदगंगा-दूधगंगेच्या काठच्या निपाणी, चिक्कोडीकडच्या शेतकऱ्यांना पाऊस वरून येतो तसा पूर खालूनही येतो. ऑगस्ट 2019 ते विसरणार नाहीत. तिथे छपरापेक्षा जागेची उंची आधी पाहावी लागेल. ट्रॅक्टर पाण्यात बुडालाच तर तो चालू करून बघण्याची घाई मुळीच करू नये. आधी इंजिनचे, गिअरचे ऑइल आणि डिझेल काढून टाकावे, मेस्त्रीला दाखवावे, मगच सेल्फला हात लावावा.

आता माझी मागणी. ट्रॅक्टरचे कर्ज काढताना शेतीचा उतारा लागतो, जामीन लागतो, पण गाडी उभी कुठे करणार हे मला कुणी विचारले नाही. बँकांनी आणि कृषी पत्तीन संघांनी (शेतकऱ्यांच्या सहकारी पतसंस्थांनी) ते विचारावे, आणि ट्रॉली-रोटाव्हेटरच्या जोडीने साध्या पत्र्याच्या शेडची रक्कमही कर्जात धरावी. रोजगार हमीतून गावोगावी गुरांचे गोठे झाले, तशी यंत्रांच्या निवाऱ्याचीही योजना व्हावी. गावठाणात ज्यांना हातभर अंगण नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीने मोकळ्या जागेवर सामायिक शेड उभारून माफक भाडे घ्यावे. आणि कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रांनी चिखलणी संपता संपता, आमच्या भागात मराठीतून, एका उभ्या ट्रॅक्टरवर हे सगळे हाताने करून दाखवावे. बियाण्यासाठी आम्ही तिथे रांग लावतो, यासाठीही लावू.

मी यंदा परड्यात सहा लोखंडी पाइप रोवून जुने पत्रे टाकले आहेत. शेजारच्या दोघांनी मापे नेली. ज्यांना यंदा तेवढेही जमणार नाही, त्यांनी निदान आज संध्याकाळी सायलेन्सरवर एक डबा पालथा घालावा. पावसाचे अजून दोन महिने आहेत.

आपला विश्वासू,
एक शेतकरी वाचक
ता. खानापूर, जि. बेळगाव