सोहमला, रविवारच्या फोननंतर

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर मी तुमच्या फुटबॉलच्या सरांचं नाव काढलं आणि तू "सगळं ठीक आहे आई" म्हणून फोन ठेवलास. तुझ्या खोलीतला पोरगा अर्धा सीझन टाकून घरी परतला, हे मला त्याच्या आईकडून कळलं. सरांनी सगळ्यांसमोर त्याच्या कानाखाली मारली, आईवरून शिव्या दिल्या, वर बेंचवर बसवलं. तू तिथंच होतास ना?

विचारणार नव्हते. पप्पाही म्हणाले, पोराला टेन्शन देऊ नको.

तू का बोलत नाहीस ते कळतं मला. अकरात कोण, ते सर ठरवतात. क्लबची माणसं बघायला आली की कुणाचं नाव पुढं करायचं, तेही सरच. तक्रार करायची तर ती त्यांच्याकडंच. आणि पतसंस्थेचं कर्ज तुझ्या डोक्यात आहे. ते काढून टाक, कर्ज आमचं आहे.

रात्री मोबाइलवर वाचत बसते. इंग्लंडचा अँडी वुडवर्ड. क्रू अलेक्झांड्रा क्लबात असताना अकराव्या वर्षापासून कोच बॅरी बेनेलनं त्याच्यावर लैंगिक अत्याचार केले. फुटबॉलर व्हायचं तर तो माणूस खूश राहायला हवा, एवढंच त्या लेकराला कळत होतं. पेपरात स्वतःच्या नावानिशी बोलला तो 2016 मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी. मग बाकीचे पुढं आले. तिथल्या फुटबॉलमधल्या अशा अत्याचारांवरच्या 2021 च्या अहवालात 1970 ते 2005 मधले 692 पीडित मोजलेत. पोरं नुसती शिस्तीसाठी मार खातात असं समजणाऱ्यांनी ते वाचावं. इंग्लंडच्याच क्रॉली टाऊन क्लबात तर पगारी, मोठे खेळाडू. मॅनेजर जॉन येम्स मुस्लिम पोरांना दहशतवादी म्हणायचा. त्याच्यावर बंदी आली 2023 मध्ये. मोठ्यांचं हे, तर तू सोळा वर्षांचा.

पुन्हा भाषण सुरू झालं, रागावू नको. आठवतं, शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालमीची (पीटीएम) मॅच, तू पप्पांच्या खांद्यावर, आणि गोल झाल्यावर आक्कांच्या पदरात शेंगा सांडल्यास. 2017 ला आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 17 वर्षांखालच्या वर्ल्डकपला खेळला, तेव्हा तुझ्या झोपेतसुद्धा पाय हलायचे. तुझा डावा पाय बघून लोक माझं नाव विचारतात रे. अभिमान वाटतो, म्हणून तर भीती जास्त.

तुला हात लावलाय का त्यांनी? मारलंय का, किंवा दुसरं काही? सांगायला लाज वाटत असेल तर मामाला सांग. चाइल्डलाइनचा 1098 नंबर मोबाइलमध्ये ठेव, लहान मुलांसाठीच आहे, कुणाची परवानगी लागत नाही. हंगाम गेला तर गेला. इथं तालमीच्या टीममध्ये खेळशील, पुढच्या वर्षी दुसरीकडं ट्रायल देशील.

शनिवारी आम्ही एसटीनं येतोय. सरांना आधी सांगू नकोस. गेटवर भेट.

तुझी आई