नवजात कक्षाच्या फ्रिजमध्ये अल्प्रोस्टाडिल हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जन्मजात हृदयदोष असलेल्या बालकांच्या मोफत शस्त्रक्रियांच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना यांमुळे पालकांवरचा पैशाचा भार बराच हलका झाला, हे खरेच. पण काही बाळांच्या बाबतीत प्रश्न पैशाचा नसतो. निदान झाल्यापासून ऑपरेशनच्या टेबलापर्यंतचे तास ती कशी काढणार, हा असतो. ते तास एका औषधावर निघतात आणि त्याविषयी फारसे कुठे लिहून येत नाही, म्हणून हे पत्र.

गर्भातले बाळ फुफ्फुसाने श्वास घेत नाही. फुफ्फुसाकडे निघालेले बरेचसे रक्त एका आखूड वाहिनीतून थेट महाधमनीत जाते. वॉर्डात तिला सगळे ‘डक्टस’च म्हणतात. जन्मानंतर रक्तातला ऑक्सिजन वाढतो, वारेतून मिळणारे, डक्टस उघडा ठेवणारे प्रोस्टाग्लँडिन हे द्रव्य थांबते आणि डक्टस पहिल्या दोन-तीन दिवसांत मिटतो. निरोगी बाळाचे त्यावाचून काही अडत नाही. मात्र फुफ्फुसधमनीची झडप तयारच झालेली नाही, महाधमनी एका जागी चिंचोळी आहे, हृदयाची डावी बाजू खुरटलेली आहे किंवा दोन मुख्य धमन्यांची अदलाबदल झाली आहे, अशा बाळांचा जीव या वाहिनीवरच टिकून असतो. म्हणून पहिल्या दिवशी नीट दूध ओढणारे बाळ तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी निळे किंवा राखाडी पडते, हातपाय गार होतात, दूध सुटते. दवाखान्यात बहुतेकदा पहिला संशय जंतुसंसर्गाचा येतो. अँटिबायोटिक जरूर सुरू करावे, पण त्याच वेळी जांघेतली नाडी हाताला लागते का तेही पाहावे. उजवा हात आणि एक पाय, दोन्हीकडे ऑक्सिमीटर लावावा. आकडा ९० च्या खाली असेल तर तेवढ्यावरच हृदय तपासायला घ्यावे. ९० ते ९४ असेल किंवा हाताच्या आणि पायाच्या आकड्यांत ३ पेक्षा जास्त फरक असेल, तर तासाने पुन्हा मोजावे. घरी सोडण्यापूर्वी, जन्माला २४ तास झाल्यावर, ही तपासणी प्रत्येक प्रसूतिगृहात व्हायला हवी. तिला पाच मिनिटे पुरतात.

डक्टस उघडा ठेवणारे औषध म्हणजे अल्प्रोस्टाडिल, अर्थात प्रोस्टाग्लँडिन ई-१. ते १९७० च्या दशकापासून वापरात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलांसाठीच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत नवजात बाळांच्या औषधांमध्ये प्रोस्टाग्लँडिन ई आहे. १ मि.लि.च्या अँप्युलमध्ये, म्हणजे काचेच्या कुपीत, ५०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि ती २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागते. अँप्युल ५० मि.लि. सलाइनमध्ये किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये मिसळली की दर मि.लि.ला १० मायक्रोग्रॅम होतात. सिरिंजमध्ये आधी सलाइन भरावे, मग औषध घालावे, कारण न मिसळलेले औषध प्लास्टिकला लागू देऊ नये अशी सूचना आहे. डक्टस मिटत आला असेल आणि बाळ ढासळले असेल, तर सुरुवात मिनिटाला किलोमागे ०.०५ ते ०.१ मायक्रोग्रॅमने करतात. ३ किलोच्या बाळाला ०.०५ म्हणजे तासाला ०.९ मि.लि. डक्टस उघडाच असेल तर ०.०१ ते ०.०२ पुरते. निळ्या बाळात फरक साधारण अर्ध्या तासात दिसू लागतो. महाधमनी चिंचोळी असेल तर काही तास धीर धरावा लागतो.

चुका बहुधा इथेच होतात. हे औषध रक्तात काही मिनिटेही टिकत नाही, फुफ्फुसातून एकदा गेले की त्यातले बहुतांश निकामी होते. औषध हळूहळू शिरेत सोडणारा सिरिंज पंप बंद पडला, सुई निसटली की परिणाम संपला. म्हणून त्याला स्वतंत्र शीर हवी आणि दुसरी एक शीर तयार हवी. त्या नळीतून दुसरे इंजेक्शन ढकलू नये, नाहीतर नळीतले औषध एकदम आत जाऊन रक्तदाब कोसळतो. आणखी एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. जोडनळीत साधारण १ मि.लि. मावते. ती नुसत्या सलाइनने भरून जोडली, तर ०.९ च्या वेगाने औषध बाळापर्यंत पोचायला तासाहून जास्त वेळ जातो आणि सगळे म्हणतात औषध लागू पडत नाही. नळी औषधानेच भरून घ्यावी.

दुसरा धोका श्वास थांबण्याचा. दहा-बारा टक्के बाळांत तो थांबतो, दोन किलोखालच्या बाळांत जास्त आणि बहुधा पहिल्या तासात. म्हणून ड्रिप लावून लगेच गाडी हाकू नये. तासभर बाळाजवळ बसावे, नवजाताची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि योग्य मापाचा मास्क हाताशी ठेवावा. ताप येतो, अंग लाल होते, तेही औषधानेच असू शकते.

ऑक्सिजनचा मोह आवरणे हे सगळ्यात अवघड. मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा ७८ दिसला की प्रत्येकाचा हात नॉबकडे जातो. पण जास्त ऑक्सिजनने डक्टस आकसतो आणि डाव्या बाजूच्या दोषांत रक्त फुफ्फुसाकडे पळून शरीर उपाशी राहते. यातल्या बहुतेक बाळांना ७५ ते ८५ पुरे. फुफ्फुसातून परतणाऱ्या शिराच अडलेल्या असतील तर मात्र या औषधाने बाळ बिघडू शकते. ड्रिपनंतर प्रकृती खालावली तर बालहृदयरोगतज्ज्ञांना फोनवर ते सांगावे आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लवकर करावा.

एक सावधगिरी स्टोअरसाठी. ‘प्रोस्टाग्लँडिन आहे का?’ असे विचारले की लेबर रूमच्या फ्रिजमधून ‘आहे’ असे उत्तर येऊ शकते. ते कार्बोप्रोस्ट असते, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवायचे. कळा आणण्याचे जेलही तिथेच असते. दोन्हींचा बाळाच्या ड्रिपशी संबंध नाही. मागणीपत्रात ‘अल्प्रोस्टाडिल ५०० मायक्रोग्रॅम’ असेच पूर्ण लिहावे.

आता आमची मागणी. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर. कोयना खोऱ्यातले किंवा माण-खटावकडचे बाळ आधी कराड नाहीतर साताऱ्याला येणार, मग पुढे. खंबाटकीत वाहने तुंबली तर वेळेचा हिशेब कुणाच्याच हातात नाही. तेव्हा औषध पुण्यात पोचल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी सुरू व्हायला हवे. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या नवजात कक्षांत प्रत्येकी किमान दोन अँप्युल कायम असाव्यात. तयार सिरिंज २४ तासांनी बदलावी लागते, म्हणजे एक अँप्युल एक दिवसाची. दुसरी वाटेत सिरिंज फुटली किंवा पुढे बेड मिळायला वेळ लागला तर. औषध काही हजारांचे आहे, क्वचित लागते आणि मुदत संपली की ऑडिटला उत्तर द्यावे लागते, म्हणून ते मागवायला हात आखडतो. ही भीती समजण्यासारखी आहे. त्यावर साधी तोड अशी: मुदत संपायला तीन महिने राहिले की त्या अँप्युल जिथे हृदयशस्त्रक्रिया होतात अशा मोठ्या रुग्णालयाला द्यायच्या आणि बदल्यात ताज्या घ्यायच्या. लेखी करार जिल्हा पातळीवर झाला की डॉक्टरवर वसुलीची टांगती तलवार राहणार नाही. सोबत चार्ज केलेला सिरिंज पंप द्यावा आणि १०८ ला फोन करताना ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टची गाडी असे स्पष्ट मागावे.

ज्यांचे ऑपरेशन काही महिन्यांवर आहे, हृदयाच्या पडद्याला मोठे छिद्र असलेली वगैरे, त्या बाळांचे औषध घरी आई पाजते. तिथे धोका दशांश चिन्हाचा. डायजॉक्सिन या हृदयाला बळ देणाऱ्या औषधाच्या पातळ प्रकारात दर मि.लि.ला ५० मायक्रोग्रॅम असतात. ४ किलोच्या बाळाला एका वेळी २० मायक्रोग्रॅम दिले, तर होतात ०.४ मि.लि. चिठ्ठीवरचा ठिपका पुसट असला की त्याचे ४ मि.लि. होतात, म्हणजे दहापट, आणि हे औषध दहापट माफ करत नाही. औषध दुकानदारांना विनंती की बाटलीसोबत १ मि.लि.ची बिनसुईची सिरिंज द्यावी, चमचा नको आणि तिच्यावर मात्रेची रेघ पेनने ओढून आईला एकदा भरून दाखवायला लावावे. औषध पाजल्यावर उलटी झाली तर पुन्हा पाजू नये. जुलाब लागले, बाळाने दूध टाकले, तर फ्रुसेमाइड (लघवी वाढवणारे) आणि एनालाप्रिल (रक्तवाहिन्या सैल करणारे) तसेच चालू ठेवण्याआधी त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, कारण पाणी कमी झालेल्या अंगात ही औषधे मूत्रपिंडाला झेपत नाहीत आणि डायजॉक्सिनही साठते. मात्रा वजनावर ठरते, म्हणून दर भेटीला वजन करून ती नव्याने लिहून घ्यावी. जुनी चिठ्ठी फाडून टाकावी.

आपले,
नवजात कक्षांत काम करणारे काही बालरोगतज्ज्ञ व परिचारिका,
सातारा