विमान थेट, पण कुठपर्यंत?

बॉस्टन, रविवार

ती. आई व बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, एप्रिलअखेरच्या तिकिटांबद्दलचा तुमचा निरोप मिळाला. पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, पण मुंबईहून न्यूयॉर्कचे थेट विमानच घ्यायचे, मध्ये कुठेही उतरणे नको, असे तुम्ही निक्षून कळवले आहे. अजिंक्यताऱ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्या तुमच्या मंडळींपैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत, त्या सर्वांचा हाच सल्ला असणार, आणि सर्वसाधारणपणे तो योग्यही आहे. फोनवर हा विषय निघाला की आपण दोघेही एकमेकांचे बोलणे पुरते होऊ देत नाही आणि आईला मध्ये पडावे लागते, म्हणून या वेळी सगळे नीट लिहून पाठवत आहे. माझे मत असे आहे की तुम्ही फ्रँकफर्टला विमान बदलून सरळ बॉस्टनला उतरावे.

मी न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला राहत असते, तर या पत्राची गरजच नव्हती. तिथल्या लोकांचे आई-वडील मुंबईत विमानात बसतात, सोळा-एक तासांनी उतरतात आणि तासाभरात मुलांच्या घरी पोहोचतात, त्यामुळे त्यांना थेट विमानाइतके सुखाचे दुसरे काही नाही. मी मात्र बॉस्टनला राहते, आणि मुंबईहून बॉस्टनला थेट विमान नाही. न्यूयॉर्कच्या विमानतळापासून माझे घर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जाताना जेवढे अंतर पडते त्यापेक्षाही जास्त. तुमची मंडळी ज्याला थेट म्हणतात ते विमान तुम्हाला माझ्या दारापासून चार तासांवर आणून सोडणार, आणि तिथून पुढचा प्रवास शिल्लकच राहणार.

तो पुढचा प्रवास मुख्यतः दोन प्रकारे होऊ शकतो. एक म्हणजे न्यूयॉर्कहून बॉस्टनचे देशांतर्गत विमान घेणे. परंतु अमेरिकेत ज्या विमानतळावर आपण प्रथम उतरतो, तिथेच इमिग्रेशन होते, आणि पुढचे तिकीट हातात असले तरी सामान पट्ट्यावरून स्वतः उतरवून घ्यावे लागते, कस्टम्समधून बाहेर काढावे लागते आणि पुन्हा विमान कंपनीच्या ताब्यात द्यावे लागते. त्यानंतर बहुधा दुसऱ्या टर्मिनलला जाऊन सुरक्षा तपासणीची रांग नव्याने लावायची. सोळा तास बसून आलेल्या माणसांनी चार बॅगा घेऊन हे करावे, असे मला मुळीच वाटत नाही. दुसरा मार्ग तुम्ही सुचवलाच आहे, की मी गाडी घेऊन न्यूयॉर्कला यावे. मी आनंदाने येईन, तो प्रश्नच नाही. पण सोळा तास खुर्चीत काढल्यावर आईने आणखी चार तास गाडीत पाय दुमडून बसायचे, हे मला पटत नाही.

आईच्या पायांचा विचार मी थोडा अधिक केला आहे, कारण ती स्वतः त्याविषयी काही बोलणार नाही, हे मला ठाऊक आहे. विमानातील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर जितका असतो तितका ठेवलेला असतो. आपले महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, म्हणजे विमानात बसलेला माणूस तासन्‌तास महाबळेश्वराहून बऱ्याच उंच ठिकाणी, अतिशय कोरड्या हवेत बसून असतो. त्यात पाय खाली सोडून हालचाल न केल्यामुळे ते सुजतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये यासंबंधीच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले होते. चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, परंतु दुप्पट होऊनही निरोगी माणसांत तो सहा हजारांत एक इतका कमीच राहतो, असे त्यात म्हटले आहे. त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. त्याच अभ्यासात असेही आहे की थोड्या काळात लागोपाठ विमानप्रवास केल्यानेही धोका वाढतो, तेव्हा मध्ये उतरले की काळजी मिटली, असा दावा मी करणार नाही. पण आईचे वय, तिचे गुडघे आणि दर संध्याकाळी घोट्याशी येणारी सूज पाहता, मध्ये काही तास उठून चालता येणे, पाय वर करून बसता येणे आणि विमानातल्यापेक्षा मोठ्या स्वच्छतागृहात निवांत जाता येणे, याला मी पैशांपेक्षा जास्त किंमत देते. पायात घालायच्या घट्ट मोज्यांविषयी मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. विमान कोणतेही असले, तरी ते विचारायचेच आहे.

आता मध्ये उतरायचे तर फ्रँकफर्टच का, असे तुम्ही विचाराल, कारण दुबई, दोहा आणि अबू धाबीहूनही बॉस्टनला विमाने येतात आणि दुबईला आपली भाषा समजणारी माणसे पावलोपावली भेटतात. त्याचे उत्तर घड्याळात आहे. मुंबई ते दुबई हा प्रवास जेमतेम तीन तासांचा आणि तिथून बॉस्टन तेरा-चौदा तासांचे. म्हणजे अंग अवघडण्यापूर्वीच थांबा येऊन जातो आणि खरा लांबचा पल्ला तसाच पुढे उरतो. फ्रँकफर्टला मुंबईहून नऊ तासांच्या आसपास लागतात आणि तिथून बॉस्टनला साधारण आठ, त्यामुळे प्रवासाचे जवळजवळ सारखे दोन भाग पडतात. अबू धाबीचा एक मोठा फायदा मात्र मान्य केला पाहिजे: तिथे अमेरिकेचे इमिग्रेशन विमानात चढण्यापूर्वीच उरकते आणि बॉस्टनला देशांतर्गत प्रवाशासारखे सरळ बाहेर पडता येते. आईचे गुडघे ठीक असते, तर मी कदाचित तेच निवडले असते. आखातावरून जाण्यात आणखी एक अनिश्चितता आहे. जून 2025 मध्ये कतारने काही तासांसाठी आपली हवाई हद्द बंद केली, तेव्हा दोहाकडे निघालेली विमाने भलतीकडे वळवावी लागली होती. थेट विमानेही अशा गोष्टींपासून मुक्त नाहीत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केल्यावर उत्तर अमेरिकेच्या, विशेषतः दिल्लीच्या, काही विमानांना लांबच्या वाटेने जाताना इंधनासाठी मध्ये उतरावे लागले.

जर्मनीच्या व्हिसाची तुम्हाला वाटलेली शंका रास्त आहे. तुमच्या दोघांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा वैध व्हिसा असल्यामुळे फ्रँकफर्टच्या विमानतळावर आतल्या आत विमान बदलायला वेगळा व्हिसा लागत नाही. मात्र ही सवलत एकाच विमानतळापुरती आहे. स्वस्त तिकिटांच्या यादीत कधी कधी मुंबई–फ्रँकफर्ट–म्युनिक–बॉस्टन असा प्रवास दाखवतात. तो घेतला तर फ्रँकफर्टहून म्युनिकला जाताना तुम्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, प्रवेश करता आणि त्यासाठी शेंगेन व्हिसा नसेल तर प्रवास तिथेच अडतो. म्हणून शेजारच्या दादाने कितीही स्वस्त तिकीट शोधून दिले, तरी मला दाखवल्याशिवाय पैसे भरू नका.

तुमची सर्वात मोठी धास्ती पुढचे विमान चुकण्याची आहे, आणि याबाबत मी तुमच्या बाजूने आहे. तिकीट दोन्ही विमानांचे मिळून एकच असले पाहिजे, म्हणजे सामान मुंबईत दिले की ते थेट बॉस्टनला मिळते आणि पहिल्या विमानाला उशीर झाल्यास पुढची व्यवस्था करणे कंपनीवर बंधनकारक राहते. युरोपीय संघाच्या 2004 च्या नियमानुसार अशा वेळी जेवणाची आणि गरज पडल्यास मुक्कामाची सोयही कंपनीने करायची असते. पण त्यात तुमच्यासाठी एक अडचण आहे, ती मी लपवत नाही. शेंगेन व्हिसा नसल्यामुळे तुम्हाला शहरातल्या हॉटेलात जाता येणार नाही आणि रात्र विमानतळाच्या आतच काढावी लागेल. दुबईला अमेरिकेचा व्हिसा असलेल्या भारतीयांना तिथे पोहोचल्यावर व्हिसा मिळतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे येत नाही. यावर माझा उपाय इतकाच की फ्रँकफर्टचा थांबा मुद्दाम चार-पाच तासांचा घ्यायचा. दीड तासाची जोडणी संगणकावर शोभून दिसते, पण मुंबईहून निघायला तासभर उशीर झाला की ती कोलमडते. पहाटे मुंबई सोडलेले विमान सकाळी फ्रँकफर्टला पोहोचते आणि बॉस्टनचे विमान दुपारी सुटते, म्हणजे तुम्ही इथे दुपारी उतराल आणि दिवेलागणीपूर्वी घरी असाल. दारापासून दारापर्यंत मोजले, तर न्यूयॉर्कमार्गे येण्यापेक्षा हा प्रवास फार तर दोन-तीन तासांनी लांबतो.

व्हीलचेअरवरून वाद घालू नका, बाबा. तुम्ही गड चढता हे मला मान्य आहे, आणि ती तुमच्यासाठी मागितलेलीही नाही. ती आईसाठी आहे आणि तुम्ही तिच्याबरोबर चालणार आहात. व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाला विमानतळाच्या वाटा पाठ असतात, तो तुम्हाला तपासणीतून नेतो आणि योग्य दरवाजाशी आणून सोडतो. भाषेची अडचण असलेल्या माणसांना याहून चांगला वाटाड्या मिळणार नाही. युरोपात ही सेवा विमानतळाने विनामूल्य द्यायची असते, फक्त किमान 48 तास आधी कळवावे लागते, म्हणून मी तिकिटाबरोबरच तिची नोंद करेन. कधी कधी मदतनीस प्रवाशांना एका ठिकाणी बसवून तासाभराने परत येतो. तेव्हा आपल्याला विसरले असे समजून उठून जाऊ नका, पण त्याच जागेच्या आसपास आईला दोन-चार फेऱ्या अवश्य मारायला लावा. बॉस्टनच्या विमानापाशी पासपोर्ट आणि व्हिसा पुन्हा पाहतात व एखाद-दुसरा प्रश्न विचारतात. ती नेहमीची पद्धत आहे.

आई, सामानाबद्दल तुला वेगळे सांगते, कारण थांबा घेतल्याने यात एक फरक पडतो. फ्रँकफर्टला हातातल्या पिशव्यांची तपासणी पुन्हा होते, त्यामुळे मुंबईत नजरेतून सुटलेली लोणच्याची किंवा तुपाची बरणी तिथे काढून ठेवू शकतात. ते सारे मोठ्या बॅगेत घाल. अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांना 2018 पासून भुकटीचाही नियम आहे: हातातल्या सामानात साडेतीनशे मिलिलिटरपेक्षा जास्त भुकटी असेल तर तिची वेगळी तपासणी होते आणि ती काढूनही ठेवू शकतात, मग ते मेतकूट असो, गोडा मसाला असो की चटणी. हे नियम बरणी पाहतात, आतली मेहनत पाहत नाहीत. बाबांच्या साखरेच्या गोळ्या, तुझ्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी मात्र हातातल्या पिशवीतच राहू दे, आणि दोन दिवस जास्त पुरतील इतक्या घे. पश्चिमेकडे येताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो, तेव्हा कोणती गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांकडून साताऱ्याच्या घड्याळाप्रमाणे लिहून आणा आणि बाबांचे घड्याळ इथे पोहोचेपर्यंत बदलू नका. बाबांसाठी मधुमेहींचे जेवण मी आधीच सांगून ठेवेन. त्यांची जागा दोन्ही विमानांत वाटेच्या कडेची घेणार आहे, म्हणजे रात्री तीनदा उठावे लागले तरी कुणाची झोप मोडणार नाही.

परतीचे तिकीट त्याच कंपनीचे आणि त्याच मार्गाने घ्यावे, असे मला वाटते. जाण्याचे एकीकडून आणि येण्याचे दुसरीकडून घेतले तर भाडे अकारण वाढते. परतताना विमान मध्यरात्रीच्या सुमारास मुंबईत उतरेल, तेव्हा रात्रीच खंबाटकीचा घाट गाठण्याची घाई करू नका. ताईकडे ठाण्याला झोपा आणि सकाळी निघा. या तिकिटाची छापील प्रत येतानाही हाताशी ठेवा, कारण बॉस्टनला अधिकारी किती दिवस राहणार हे हमखास विचारतो.

भाड्यातला फरक मी या पत्रात मुद्दामच मांडलेला नाही. फ्रँकफर्टमार्गे थोडे स्वस्त पडते हे खरे, पण ते महाग असते तरी मी हेच सुचवले असते. हे वाचूनही थेट विमानच हवे असे तुम्हा दोघांचे मत राहिले, तर मी न्यूयॉर्कला गाडी घेऊन येईन आणि रात्रीचा मुक्काम तिथेच करून दुसऱ्या दिवशी तुम्हाला घरी आणेन. पण निर्णय दोघांनी मिळून घ्या. आई नुसती "तुमचे चालू द्या" म्हणाली, तर ते मत मी धरणार नाही. गुरुवारपर्यंत कळवा, आणि त्याबरोबर दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाचे स्पष्ट फोटो पाठवा. आईच्या पासपोर्टवर नाव आणि आडनाव कोणत्या रकान्यात कसे लिहिले आहे, ते मला अक्षर न्‌ अक्षर पाहायचे आहे, कारण तिकिटावर ते तसेच यावे लागते.

तुमची लेक