हातगाड्यांचा तो प्रवास

महोदय,

पायी निघालेला धर्मसमूह म्हटला की खानदेशात मुक्ताईनगरची पालखी डोळ्यांपुढे येते. अमेरिकेतल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी 1856 ते 1860 या काळात हातगाड्या ओढत युटामधले सॉल्ट लेक हे आपले शहर गाठले. आयोवा सिटीपासून सुमारे 2,100 किलोमीटर. 1856 च्या शेवटच्या दोन तुकड्यांत दोनशेहून अधिक माणसे दगावली. कारण म्हणून थंडीचे नाव घेतले जाते, पण घात आधीच झाला होता.

गाड्या वेळेत तयार नव्हत्या, त्यामुळे निघायलाच उशीर झाला. घाईत ओले लाकूड वापरले. कोरड्या माळरानावर ते आखडले आणि चाके खिळखिळी झाली. वैशाखात धाव सैल झालेली बैलगाडी पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. वंगणाअभावी आसात वाळू शिरून लाकूड झिजले. पाच माणसांमागे एक गाडी, माणशी जेमतेम आठ किलो सामान. पुढे ओझे हलके करायला या दोनपैकी मार्टिन नावाच्या तुकडीने पांघरुणे टाकली, आणि ऑक्टोबरात बर्फाने गाठले. तोवर पीठही संपत आले होते.

निघायला उशीर झाला, हेच खरे कारण मानावे लागते.

– एक वाचक, जळगाव