माळवंडचा कारभार: आई-बाबांना पत्र

छत्रपती संभाजीनगर

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

बाबा, तुम्ही फोनवर म्हणालात, "तुझ्या कादंबरीतल्या राज्याचा राजा कोण ते राहू दे, त्या राजाचं पोट कोण भरतं ते सांग." एवढं सगळं फोनवर सांगणं होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तू सावकाश वाच, एका बैठकीत संपवायची घाई नको.

माळवंड हे राज्य पूर्ण मनातलं आहे. धवळा नावाची नदी, तिच्या दोन्ही अंगांना काळ्या रानाचं पठार आणि मध्ये कोरवण ही राजधानी. नावं माझी, पण राज्य चालतं कसं ते आपल्याच मुलखातून उचललंय. राजाच्या कोठारात जिथून धान्य येऊ शकतं तिथवरच त्याचं राज्य, आणि ते धान्य ज्याच्या मापाने मोजलं जातं त्याच्याच हातात खरी सत्ता, हे धरून मी सगळी मांडणी केली आहे.

आधी गाडीचा हिशोब, कारण प्रांत किती मोठे ठेवायचे ते त्यावरच ठरलं. एका गाडीत आठ क्विंटल ज्वारी. बैलजोडीला रोजचा कडबा आणि पेंड मिळून वीस किलो, गाडीवान आणि सोबत्याला दीड किलो. सडक बरी असेल तर दिवसाला वीस किलोमीटर. राजधानी दहा दिवसांवर असेल तर येऊन-जाऊन वीस दिवस, म्हणजे 430 किलो वाटेतच संपले. हा सगळा खर्च गाडीतल्या मालातूनच भागवायचा म्हटलं, तर राजाला 370 किलो मिळतात. अठरा दिवसांच्या वाटेवर तर जेमतेम 26 किलो उरतात, म्हणजे गाडी बैलांचंच पोट भरत आली आणि गेली. म्हणून माळवंडमध्ये दहा दिवसांच्या आतले प्रांत सारा धान्यात भरतात. त्यापलीकडचं धान्य तिथल्याच कोठारात राहतं आणि राजधानीला फक्त हलका, किमती माल येतो: कापड, तूप, नीळ, तांबं.

हे मी हवेतून काढलेलं नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि पैठणहून आपलं तेर, तेव्हाचं तगर, आणखी दहा दिवसांवर असल्याचं लिहिलंय. पैठण ते तेर सरळ रेषेत दीडशे किलोमीटर आहे, म्हणजे त्या गाड्यांचा वेग रोजचा पंधरा किलोमीटर किंवा थोडा जास्त. त्या वाटेने भडोचला काय जायचं? पैठणचे रंगीत दगड आणि तेरचं कापड. धान्याचं नाव नाही, कारण तेवढ्या लांब ते परवडतच नाही.

याला एक अपवाद आहे, लमाणांचे तांडे. पाठीवर गोणी घेतलेला बैल क्विंटलभरच ओझं नेतो आणि दिवसाला दहा-बारा किलोमीटरच चालतो, पण वाटेत चरत जातो, त्याचा चारा गोणीतून जात नाही. दख्खनेत उतरलेल्या मोगल फौजा अशाच तांड्यांच्या धान्यावर जगत. म्हणून माळवंडच्या दरबारात तांड्याच्या नायकाला सेनापतीच्या शेजारी बसायला जागा दिली आहे. त्याच्याकडून जकात घेत नाहीत. त्याच्या बैलांना कुरण अडवणाऱ्या गावाला दंड आहे. कुरण वाळलं की तांडा थांबतो, तांडा थांबला की फौज उपाशी, त्यामुळे उन्हाळ्यात माळवंड कुणाशीच लढाई काढत नाही. पावसाळ्यात चिखल आणि नद्या आडव्या येतात. लढाईचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं, सीमोल्लंघन तिथे नुसता विधी नाही.

आता मापाचं. यावर मी सगळ्यात जास्त विचार केलाय, आणि आई, हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी, हे कोष्टक सगळ्यांना पाठ असतं. पण घेताना शीग (काठावर चढणारी रास) लावून घ्यायचं आणि देताना माप सपाट करून द्यायचं, यात किती जातं? ते मापाच्या तोंडावर आहे. तोंडाची रुंदी खोलीइतकीच असेल तर शिगेत शेकडा आठ-नऊ दाणे जास्त येतात. तेवढ्याच धान्याचं माप बसकं केलं, रुंदी खोलीच्या दुप्पट ठेवली, तर शीग शेकडा सोळा-सतरावर जाते. शिक्का तोच, पायली तीच, आणि शेतकरी राजाच्या सहाव्या हिश्शाच्या वर त्या हिश्शाचाही जवळजवळ सहावा भाग बुडतो. म्हणून माळवंडच्या कायद्यात पायलीत किती मावतं एवढंच लिहून भागत नाही. तोंडाची रुंदी आणि आतली खोली दोन्ही ठरवून दिली आहे, काठाला पितळी पट्टी आहे (लाकूड झिजलं की माप बदलतं), आणि सरकारी धान्य घेताना लाकडी रूळ फिरवून सपाट करायचं. माप हलवायचं नाही, आपटायचं नाही, दाणे गुडघ्याच्या उंचीवरूनच सोडायचे. वरून जोरात ओतले की दाणे दाबून बसतात आणि जास्त मावतात. दर गावात एक दगडी पायली देवळाच्या ओट्यात पक्की बसवलेली असते. तंटा झाला की धान्य तिथे नेऊन मोजायचं. ही दगडी पायली कुणाला उचलता येत नाही, म्हणून तिच्यावर विश्वास.

जमिनीच्या मोजणीतही तसंच. दोरी ओली झाली की आखडते आणि वाळली की सैल पडते, त्यामुळे पहाटेच्या दवात मोजलेलं रान आणि दुपारी मोजलेलं रान एक येत नाही. अकबराच्या काळी याच कारणाने दोरी बंद करून लोखंडी कड्यांनी जोडलेले बांबू आणले होते. आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या मोजणीत पाच हात पाच मुठींची काठी होती, वीस काठ्या लांब आणि वीस रुंद म्हणजे बिघा, आणि 120 बिघ्यांचा चावर. माळवंडने काठीच घेतली आहे. मोजणी सुगीनंतर, रान मोकळं असताना करायची, आणि काठी टाकणारा त्या गावचा नसावा.

कोठारं म्हणजे जमिनीत खणलेली पेवं. बाबा, पेवाचं काही चुकलं असेल तर कळवा. पेव गावठाणाच्या पांढऱ्या मातीत खणायचं, काळ्या रानात नाही, कारण काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भेगेतून पाणी आत जातं. तळाला आणि कडेला कडब्याचा जाड थर, वर भुसा, मग माती लिंपायची. कडेची ज्वारी कुबट होतेच, तेवढी तूट हिशोबात आधीच धरलेली आहे. नाहीतर कोठीवाला दर वर्षी चोर ठरतो, आणि चोर ठरणारच असेल तर तो खरंच चोरी करतो. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही. आतली हवा माणूस मारते. तोंड बराच वेळ उघडं ठेवून आधी दिवा सोडायचा. दिवा विझला तर अजून थांबायचं.

प्रत्येक कोठारावर तीन माणसं, तिघांचा दर्जा सारखा: एकाकडे किल्ली, एकाकडे वही, एकाकडे पहारा. हे महाराजांच्या गडांवरून घेतलं, तिथे हवालदार, सबनीस आणि सरनौबत एका तोलाचे असत. या रचनेला धोका एकच, तिघांचं संगनमत. म्हणून तिघांची बदली एकदम होत नाही, दर वर्षी एकाचीच होते, म्हणजे तिघांत कायम एक नवा माणूस असतो. नव्याने आल्यावर पहिलं काम म्हणजे प्रत्येक पोत्यात पोकळ लोखंडी सळई खुपसून दाणे काढून बघायचे. देवगिरीच्या 1296 च्या वेढ्याबद्दल फरिश्ता या इतिहासकाराने लिहिलंय की धान्य समजून गडावर चढवलेल्या गोण्यांत मीठ निघालं. एवढा अजिंक्य गड जागच्या जागी, आणि खायला मीठ! माळवंडमध्ये न तपासलेलं पोतं गडात घेणाऱ्या तिघांनाही सारखीच शिक्षा आहे.

राजदरबाराचं थोडक्यात सांगते. राजाच्या मुद्रेवर आधी आईचं नाव येतं, गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र या सातवाहनांच्या रीतीने. राण्या अनेक, तेव्हा कोणाचा मुलगा हे मुद्रेवरच स्पष्ट झालेलं बरं. मंत्री आठ, त्यांतले न्यायाधीश आणि धर्माचं बघणारे असे दोघे लढाईवर जात नाहीत, म्हणजे सगळा दरबार एका रणात संपत नाही. राजधानीचं पाणी खडकीला, म्हणजे आपल्या आजच्या संभाजीनगरला, मलिक अंबरने आणलं तसं जमिनीखालच्या नहरीतून येतं, आणि ठरावीक अंतरावर उतरायला विहिरी ठेवल्या आहेत, कारण गाळ काढला नाही तर नहर तुंबते. पोळ्याला सरकारी गाडी जुंपली तर गाडीवानाला नव्हे, हुकूम देणाऱ्याला दंड.

एक गोष्ट अजून पक्की होत नाही, तिथे मला तुम्ही हवे आहात. राजाचा सहावा हिस्सा बलुतं काढण्याआधी घ्यायचा की नंतर? खळ्यावर शंभर मण पडले आणि पंधरा मण बलुत्याचे असतील, तर आधी घेतल्यास राजाला पावणेसतरा मणांच्या आसपास मिळतात, नंतर घेतल्यास सव्वाचौदाच्या थोडे खाली. अडीच मणांचा फरक. राजाचा खजिनदार आधी घ्या म्हणणार. मी मात्र बलुत्याच्या बाजूने आहे. सुताराने नांगर भरला नाही आणि लोहाराने फाळाला धार लावली नाही, तर पुढच्या वर्षी सहावा हिस्सा येणार कुठून? पण गाव बलुतं फुगवून सांगेल ही भीतीही खरी आहे. बलुतं मळणीआधी पेंढ्यांनीच वाटलं जात असेल तर हा प्रश्नच उरत नाही, ते राशीत येतच नाही.

तेव्हा बाबा, आपल्या गावात कोणते बलुतेदार पेंढ्या न्यायचे आणि कोणते मापाने घ्यायचे, तेवढं आठवून लिहा. आजोबांच्या तोंडून ऐकलेलं असलं तरी चालेल. आणि आई, घरातली जुनी लाकडी पायली अजून माळ्यावर असेल, तर तिचं तोंड किती बोटं आणि खोली किती बोटं ते मोजून ठेव. माळ्यावर तू चढू नकोस, कुणाकडून तरी काढून घे.

गुडघ्याचं तेल पाठवलंय. औषधं वेळेवर घ्या, दोघंही.

तुमची,
ताई