मदत व पुनर्वसन मंत्र्यांना खुलं पत्र : पिकाचे पैसे आले, मातीचं काय?

मा. मंत्रीसाहेब,
मदत व पुनर्वसन विभाग, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. मी माढा तालुक्यातला सीना नदीकाठचा शेतकरी आहे. तीन एकर रान, त्यातलं एक एकर अगदी नदीला लागून. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर दिवाळी होऊन महिना झाला, आमच्या भागाचं नाव आता बातम्यांत येत नाही, पुढारी येऊन गेले, मदतीची किटं वाटून झाली, चिखल वाळला. म्हणून आत्ताच लिहितोय, कारण जे सांगायचंय ते पाणी असताना दिसत नव्हतं, पाणी उतरल्यावर दिसायला लागलं.

२२ सप्टेंबर २०२५ ला घट बसले. त्या दिवशी सकाळी आईनं नेहमीप्रमाणं नदीकाठच्या रानातून पाटीभर काळी माती आणली, चाळली, पत्रावळीवर पसरली, त्यात गहू-ज्वारी पेरली, वर घट मांडला. वडील असल्यापासून घटाची माती त्याच एकराची असते कारण तीन एकरांत तीच सगळ्यात चांगली. त्याच रात्री वरच्या गावातून फोन यायला लागले की पाणी वाढतंय, जनावरं सोडा, आणि पहाटेपर्यंत सीना कुठून कुठं गेली ते कळलंच नाही. आम्ही पोरंबाळं आणि आईला घेऊन वरच्या शाळेत गेलो, जनावरांची दावी कापली, बाकी सगळं सोडलं. आठ-दहा दिवसांनी रानात जाता आलं तेव्हा त्या एकरात माती नव्हती. म्हणजे नुसतं पीक नव्हतं असं नाही साहेब, मातीच नव्हती. खाली मुरूम उघडा पडलेला, त्यावर फुटबॉलएवढे गोटे, दोन फुटांवर गाडलेली पाईपलाईन उघडी पडून वर लोंबत होती, ठिबकच्या नळ्या शेजारच्या बाभळीला गुंडाळल्या होत्या. आईनं घटाची माती नदीत सोडली नाही, तुळशीच्या कुंडीत टाकली. त्या एकरातली तेवढीच माती आमच्याकडं राहिलीय.

तुम्ही काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. ७ ऑक्टोबरला सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. जिरायतीला हेक्टरी १८,५००, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, त्यात रब्बीच्या बियाणाचे हेक्टरी १०,००० धरलेले. मर्यादा दोन हेक्टरची तीन केली. विहिरीला ३०,०००. दुभत्या जनावराला ३७,५०० आणि तीनच जनावरांची अट काढली, हे तर फार बरं केलं, कारण आमच्याकडं एकेका गोठ्यात आठ-दहा गाई होत्या. माझ्या खात्यावर पिकाचे १०,२०० जमा झाले, तीन एकर म्हणजे १.२ हेक्टर, बियाणाचे १०,००० सोडून राहिलेल्या ८,५०० नी गुणलं की बरोबर तेवढेच होतात. सोयाबीनच्या बियाणं-खताचेसुद्धा त्यात निघत नाहीत पण ठीक आहे, भरपाई कधीच पूर्ण नसते हे आम्हाला माहितीय, आम्ही काय आजचे शेतकरी आहोत का.

माझं म्हणणं वेगळं आहे. पीक गेलं तर एक हंगाम जातो, माती गेली तर रानच जातं. आणि ज्याचं रान खरडून गेलं त्याच्यासाठी जी मदत ठरवलीय ती हिशोबालाच टिकत नाही.

खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रोख आणि वर ३ लाख रोजगार हमीतून असं जाहीर झालं. ऐकताना मोठं वाटतं, आमच्या पारावर पण लोक म्हणाले की साडेतीन लाख म्हणजे बरेच झाले. मी घरी येऊन पोराची वही घेतली आणि गणित मांडलं. एक हेक्टर म्हणजे १,०७,६३९ चौरस फूट. त्यावर फक्त एक फूट माती टाकायची म्हटलं तर १,०७६ ब्रास माती लागते, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ४७,००० ला १,०७६ नी भागलं तर ब्रासला ४४ रुपये सुद्धा येत नाहीत. आमच्याकडं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास बसतो, आणि दहा-बारा किलोमीटरवरनं तलावाचा गाळ आणून टाकायला ट्रॅक्टरवाल्यानं मला ट्रॉलीला १,२०० सांगितले, डिझेल-ड्रायव्हर-जेसीबी धरून. माझं एकच एकर आहे. एक फूट सोडा, अर्धा फूट माती टाकायची म्हटली तरी २१८ खेपा, म्हणजे २ लाख ६१ हजार. आणि तुमच्या दरानं एका एकराला ४७,००० तले १८,८०० आणि ३ लाखातले १,२०,००० असे सगळे मिळून १,३८,८०० होतात, तेही सगळे मिळाले तर. अर्ध्या फुटात ज्वारी येईल कशीबशी, ऊस किंवा कांदा येत नाही साहेब.

आता ते ३ लाख रोजगार हमीतून का ठेवले ते मला समजून घ्यायचंय. रोजगार हमी ही आपल्या महाराष्ट्राची योजना. १९७२ च्या दुष्काळात आमच्या आजीनं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडलीय, त्या कामानं आमचं घर जगलं. १९७७ ला कायदा झाला, पुढं देशानं घेतली, आम्हाला तिचा अभिमान आहे. पण ती दुष्काळासाठी जन्मलेली योजना आहे. दुष्काळात हाताला काम नसतं, माती जागेवर असते, म्हणून माणसाला मजुरी द्यायची आणि बांध घालायचा, खड्डा खणायचा, हे बरोबर बसतं. पुरात उलटं आहे. इथं मातीच नाहीये, ती लांबून आणायचीय. ती टोपल्यानं येत नाही, टिप्पर लागतो, जेसीबी लागतो. आणि रोजगार हमीत यंत्र शक्यतो वापरायचं नाही, ठेकेदार चालत नाही, खर्चाचं प्रमाण ६० टक्के मजुरी आणि ४० टक्के सामान-कुशल काम असं ठेवायचं. ३ लाखांतले १ लाख ८० हजार मजुरीचे धरले तर २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजानं हेक्टरी ५७७ मजुरांचे दिवस होतात. एवढी माणसं मुरमाच्या रानात उभं राहून करणार काय? गोटे वेचतील आठ दिवस. उरलेल्या १ लाख २० हजारात १,०७६ ब्रास माती आणायची, ब्रासला १११ रुपये, त्यात ट्रॉली भरून सुद्धा मिळत नाही.

सोलापूर-धाराशिवचा भाग दुष्काळाचा, म्हणून आमच्याकडची सगळी यंत्रणाच दुष्काळाची आहे. टँकर कसा लावायचा, चारा छावणी कशी चालवायची हे तलाठ्यापासून कलेक्टरपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. माती वाहून गेल्यावर काय करायचं हे कुणाच्याच कागदात नाही. पंचनाम्याचंच बघा. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायक असे तिघं आले, बिचाऱ्यांवर तीन-तीन गावं, चिखलात मोटारसायकल ढकलत आले, मी त्यांना दोष देत नाही. पण त्यांच्याकडं वरून आलेली घाई होती की दिवाळीच्या आत याद्या पाहिजेत. त्यांनी ३३ टक्क्यांच्या वर नुकसान लिहिलं, पीक सोयाबीन लिहिलं, बांधावर उभं राहून मोबाईलवर फोटो काढला आणि गेले. खरडलेली जमीन वेगळी लिहायला कुणी आत गेलंच नाही, कारण जायला वाटच नव्हती, मांडीएवढा गाळ होता. आता मी विचारायला गेलो तर सांगतात तुमचं पीक नुकसानीत आलंय, पैसे पण मिळालेत, आता परत पंचनामा होत नाही. म्हणजे ज्याच्याकडं जाता येत नव्हतं इतकं ज्याचं वाईट झालं तोच यादीतून सुटला. माझ्यासारखे आमच्या शिवारात एकटे-दुकटे नाहीत, नदीकाठची सगळी पट्टी तशीच आहे.

आणि नियमात बारकावे असे आहेत की सामान्य माणूस हरवून जातो. वाळू-गाळ साचला तर एक दर, हेक्टरी १८,०००, त्यालाही थर तीन इंचाच्या वर पाहिजे. माती वाहून गेली तर दुसरा दर, तो पण अल्प-अत्यल्प भूधारकालाच. आमच्या शेजाऱ्याचं अर्धं रान खरडलं आणि अर्ध्यात दोन फूट वाळू साचली, त्याचं कुठल्या रकान्यात लिहायचं यावर दोन साहेबांची दोन मतं झाली आणि शेवटी कुठंच लिहिलं गेलं नाही.

बांधाचं तर कुणी बोलतच नाही. पुरानं नुसती माती नेली नाही, बांध नेले, हद्दीचे दगड नेले, दगडाशेजारचं आंब्याचं झाड होतं ज्यावरून दोन घरं आपली हद्द ओळखायची ते झाड सुद्धा नेलं. आता माझं कुठं संपतं आणि चुलत्याचं कुठं सुरू होतं हे जमिनीवर बघून सांगता येत नाही. आज आम्ही सगळे दुःखात एक आहोत म्हणून शांत आहोत पण पेरणीला ट्रॅक्टर घातला की भांडणं सुरू होणार, एका फुटासाठी भावाभावांत कोर्ट होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. मोजणी करायची तर फी भरा, तारखेची वाट बघा. पूरग्रस्त गावांची मोजणी सरकारनं स्वतःहून, फुकट आणि गावच्या गाव एकदम करावी. उपग्रहावरून मोजायची मशिनं आलीयेत आता, एका गावाला फार दिवस लागणार नाहीत.

सात-बारा वडिलांच्या नावावर आणि वडील गेलेले, वारस नोंद अडकलेली, अशी घरं प्रत्येक गावात आहेत. सामाईक खातं असलं की सगळ्यांचं संमतीपत्र द्या, एक भाऊ पुण्यात कंपनीत, एक बहीण सासरी, सह्या गोळा करता करता महिना जातो. बटईनं करणाऱ्याचं तर नावच कुठं नाही, बियाणं त्याचं, घाम त्याचा, पैसे मालकाच्या खात्यावर. आमच्या वस्तीवरच्या एका बाईच्या दोन गाई वाहून गेल्या, तिला विचारलं मेलेल्या जनावराचा फोटो कुठाय. अहो वाहून गेलेल्या गाईचा फोटो कुठनं आणणार? पण त्या गाईच्या कानात सरकारनंच मारलेला बारा आकडी बिल्ला होता, त्याची नोंद सरकारच्याच सिस्टीममध्ये आहे मालकाच्या नावासकट. तीच नोंद पुरावा धरा ना. त्या बाईनं लसीकरणाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवला होता, तो दाखवताना तिचा हात थरथरत होता, मी शेजारी उभा होतो.

पीकविम्याची आशा होती, ती पण नाही. एक रुपयातला विमा २०२५ च्या खरिपापासून बंद झाला, आणि पैसे भरून ज्यांनी काढला त्यांचं पण स्थानिक आपत्तीचं, म्हणजे एकेकाच्या रानाचं नुकसान वेगळं धरायचं, कलम महाराष्ट्रानं काढून टाकलेलं. २०२५ च्या खरिपाला फक्त अख्ख्या महसूल मंडळाचं, म्हणजे आसपासच्या गावांचं मिळून, सरासरी उत्पन्न धरणार. आमच्या मंडळात निम्मी गावं माळावर आहेत, तिथं पाणी गेलंच नाही. त्यांच्या सरासरीत आमचं वाहून गेलेलं रान मिसळून टाकलं तर आम्हाला काय मिळणार? ते कलम परत आणायला तुम्ही मंत्रिमंडळात आवाज उठवा, हे खातं तुमचं नसलं तरी माणसं तुमच्याच खात्याच्या दारात येतात.

मला तुमच्याकडून मुख्य पाहिजे ते एकच. मातीसाठी वेगळा पैसा, रोजगार हमीच्या बाहेर, आणि तो हेक्टरवर नाही तर रानात पडलेल्या ब्रासवर द्या. जेवढ्या ट्रॉल्या पडल्या तेवढे पैसे, मोजून, फोटो काढून, गावासमोर. सरकारचीच गाळमुक्त धरण-गाळयुक्त शिवार योजना आहे, त्यात गाळ फुकट असतो पण वाहतुकीतच शेतकरी मरतो. ही योजना आणि पुराचं पॅकेज एकत्र जोडा. आमच्या तालुक्यातच उजनी धरण आहे, वर्षानुवर्षांचा गाळ पडून आहे, गावोगावचे पाझर तलाव आहेत. आणि जे रान पंचनाम्यात सुटलं त्यासाठी फक्त खरडलेल्या जमिनीची वेगळी फेरी करा. चिखल वाळलाय, आता आत जाता येतं, फूटपट्टी लावून बघता येतं.

यात वेळ फार महत्वाचा आहे म्हणून आत्ता लिहितोय. गाळ काढता येतो तो पाणी खाली गेल्यावर, एप्रिल आणि मे मध्ये. सात जूनला मृग निघतो, एकदा पाऊस पडला की ट्रॉली रानात जात नाही. म्हणजे आमच्याकडं सगळे मिळून आठ आठवडे आहेत. आदेश मे मध्ये निघाला तर तो २०२६ चा खरीप गेला, आणि उघडा मुरूम अजून एक पावसाळा झेलणार, उरलीसुरली माती पण जाणार. मार्चच्या आधी जीआर निघाला, कोणत्या तलावाचा गाळ कोणत्या गावाला हे तहसीलमध्ये ठरलं, तर जमेल.

माझे कागद तयार आहेत. सात-बारा, आठ-अ, फार्मर आयडी, पुराच्या आधीचे आणि नंतरचे फोटो. आधीच्या फोटोत आई त्या एकरात कांद्याची रोपं लावतीय, घोट्यापर्यंत पाय काळ्या मातीत आहेत. तुमच्याकडचं कुणी बघायला येणार असेल तर त्या फोटोत ती जिथं उभी आहे तिथं मी त्यांना घेऊन जाईन, आज तिथं काय आहे ते दाखवतो.

आपला,
सीनाकाठचा एक शेतकरी
ता. माढा, जि. सोलापूर