लुंबिनीला एक रात्र राहा

आई, बाबा,
सप्रेम जयभीम.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "सोनौलीच्या पुढचं काय ठरलं?" आणि मी "बघू, सांगते" म्हणून चिनूच्या परीक्षेवर विषय नेला. खरं तर तेव्हा ठरलेलं होतं. बसवाल्याला सांगूनही झालं होतं. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही "बरं, तुला योग्य वाटेल तसं" एवढंच म्हणाला असता आणि मग दोन दिवस आईशीही नीट बोलला नसता. ते मला इथे पुण्यात बसून सोसवत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. शांतपणे वाचा, आणि आईला मोठ्याने वाचून दाखवा.

गोरखपूरहून सकाळी निघून, सोनौलीला नेपाळची सीमा ओलांडून रात्री परत, ही लुंबिनीची एका दिवसाची फेरी मी रद्द केली आहे. तुमच्या यात्रेतले सगळे सव्वीस जण लुंबिनीला एक रात्र मुक्काम करतील. तो एक दिवस काढायचा म्हणून श्रावस्ती गाळावी लागली.

श्रावस्ती, बाबा. मला माहीत आहे तुम्हाला काय वाटेल ते. दीक्षाभूमीच्या रांगेत तुमच्या खांद्यावर बसून बुद्धांची आणि श्रावस्तीच्या अंगुलिमाल डाकूची गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन! "थांब" म्हणणारा तो पळतोय आणि चालणारा थांबलेला आहे, हे मला कळायचं नाही, आणि तुम्ही न कंटाळता पुन्हा पहिल्यापासून सांगायचात. बुद्धांसाठी तिथल्या जेतवनाची जमीन नाण्यांनी झाकणारा अनाथपिंडक तर आपल्या घरातलाच माणूस असल्यासारखा. ती जागा मी यादीतून खोडली तेव्हा हात थांबला होता. पण गोरखपूरहून श्रावस्ती म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस बसमध्ये, आणि तोही लुंबिनीच्या थकव्यानंतर दुसऱ्याच दिवशी. दोन्ही ठिकाणं धावत बघून दोन्हीकडे काहीच न मिळण्यापेक्षा एक ठिकाण पोटभर बघावं, असं मला वाटलं. श्रावस्तीला पुढच्या थंडीत मी तुम्हा दोघांना स्वतः नेईन, लखनौवरून. हे मी लिहून देतेय, बाबा.

आता हे मी का केलं ते सांगते. आई म्हणणार, "काहून इतका खर्च वाढवून राहिली?" आई, माणशी साडेआठशे रुपये वाढतायत. विहारातल्या ज्या चौघांना ते जड जातील त्यांचे मी भरतेय, ते कोणाला सांगू नकोस.

मागच्या वर्षी मी ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर लुंबिनीला जाऊन आले, तेव्हा घरी येऊन "फार छान झालं" एवढंच सांगितलं होतं. छान झालं नव्हतं. तुमची उमेद जाऊ नये म्हणून बोलले नाही. आम्ही बावीस जणी होतो. गोरखपूरहून सहाला निघायचं होतं, निघालो सहा चाळीसला. सोनौली शंभरेक किलोमीटर, साडेनऊला पोचलो. मला वाटलं, आलोच आता; तिथून लुंबिनी पंचवीस-सव्वीस किलोमीटर उरते. पण आपली बस तिकडे न्यायची तर भन्सार म्हणजे तिकडची जकात भरायची, गाडीचा परवाना काढायचा, आणि पुढे मालट्रकची रांग. आम्ही बसमध्ये बसून होतो, ड्रायव्हर कागद घेऊन या खिडकीतून त्या खिडकीत. आमच्यातल्या एकीकडे फक्त आधार कार्डाची झेरॉक्स, तिच्यासाठी सगळ्या थांबलो. माझ्या खिडकीतून एक म्हातारं जोडपं दिसत होतं. जीपमधून उतरलं, पिशवी घेऊन सीमेच्या कमानीखालून चालत पलीकडे गेलं, आणि दहा मिनिटांत समोरच्या टपरीवर चहा पीत बसलं. आमची बस सुटली बारा वाजून दहा मिनिटांनी.

लुंबिनीला पोचलो सव्वाला. भुकेल्या होतो, जेवणात तास गेला. मायादेवी मंदिरात शिरलो पावणेतीनला, चपला काढून, रांगेत. आत पायाच्या जुन्या विटा आहेत, त्यांच्याभोवती फळ्यांचा रस्ता, आणि मधोमध काचेखाली तो दगड, जन्मस्थानाची खूण म्हणून जपलेला. मी तिथे उभी राहिले आणि मला आजी आठवली. "लुंबिनीचं एकदा करून दे" असं ती तुम्हाला म्हणायची ना बाबा, दवाखान्यातसुद्धा. तर मी हात जोडेपर्यंत मागची बाई म्हणाली, "चला ताई, पुढे सरका." पाच सेकंद असतील. तीन वाजून दहा मिनिटांनी बाहेर, साडेतीनला ड्रायव्हरचा हॉर्न. त्यात नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे, म्हणून दोघी चुकल्या आणि त्यांची शोधाशोध. गोरखपूरला परत पावणेदहा. पंधरा तासांत मंदिराच्या आत पंचवीस मिनिटं. अशोकस्तंभ मी चालता चालता बघितला. पुष्करिणीच्या, म्हणजे तिथल्या तळ्याच्या, काठावर बसले नाही. पलीकडचे विहार, म्हणजे तो मोठा कालवा आणि त्याच्या एका बाजूला थेरवादी पंथाच्या आणि दुसऱ्या बाजूला महायानी पंथाच्या देशांनी बांधलेले, त्यातला एकही नाही.

बाबा, तुमच्या-माझ्यासारखे दोघं-तिघं असतील आणि खांद्याला फक्त पिशवी असेल, तर एका दिवसात लुंबिनी होते. त्या जोडप्याची झाली असेल, निवांत. पण सव्वीस जण म्हटले की ज्याचा कागद सापडत नाही, ज्याला चढायला वेळ लागतो, ज्याला लघवीला जायचंय, त्याच्यासाठी सगळे थांबतात. आणि थांबायलाच हवं, आपली माणसं आहेत. मग तो थांबण्याचा वेळ जातो तो नेमका लुंबिनीतून जातो, कारण रस्ता काही कमी होत नाही आणि रात्रीची परतीची वेळही सरकत नाही. गाडीचा परवाना, ड्रायव्हरचा दुप्पट दिवस, गाइड, हे सगळं दोन तासांसाठी भरायचं. मुक्कामाचे पैसे वाचले असं वाटतं, ते वाचत नाहीत.

आणि खरं सांगू? मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती तुमच्या पाण्याची. रागावू नका. मला माहीत आहे तुम्ही प्रवासात पाणी पीत नाही. अमरावतीच्या लग्नाला जाताना सकाळपासून घोट घेतला नव्हतात आणि मंडपात चक्कर आली. "उगाच सगळ्यांची गाडी थांबवायची" हे तुमचं म्हणणं. पंधरा तास तसं काढलंत तर साखरेच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाचं काय होईल, हे डॉक्टरांनी मला वेगळं सांगितलंय. तुमचा स्वभाव बदला असं मी म्हणत नाही. दिवस लहान केला, एवढंच.

आता सोयीचं सांगते. तुमची बस सोनौलीलाच थांबेल, भारतात. तुम्ही सगळे कमान पायी ओलांडायची. आई आणि वच्छलामावशी सायकलरिक्षाने. पलीकडे बेलहियाला नेपाळची बस उभी असेल, तिला परवान्याची भानगड नाही. दुपारच्या जेवणापर्यंत लुंबिनीला. खोली तळमजल्याची मागितली आहे, कमोड आहे, गरम पाणी सकाळी सहाला मिळेल. जेवण डाळ-भात-भाजी, तिखट नाही. आई, तुझी तिळाची चटणी ने पण सगळी पहिल्या दिवशी वाटून टाकू नकोस. फेब्रुवारीच्या अखेरीला धुकं बहुतेक ओसरलेलं असतं, तरी पहाटे गारठा असतो, तो तपकिरी स्वेटर हवाच. संध्याकाळी जेवणाआधी ई-रिक्षाने विहारांकडे जा. आजूबाजूच्या शेतांत सारस दिसतात, माणसाएवढे उंच, जोडीने.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा, गर्दी यायच्या आधी, स्तंभ तुमचा.

त्यासाठीच केलंय हे सगळं. निवृत्तीनंतर विहारातल्या वर्गात बसून तुम्ही ब्राह्मी पक्की केलीत, पण माझ्या पाटीवर तर तुम्ही ती कधीपासूनच काढायचात. अधिकचं चिन्ह काढून विचारायचात, "हे काय?" मी म्हणायचे बेरीज, तुम्ही म्हणायचात "हा क". मला तेव्हा र म्हणता यायचा नाही. आई मला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती आणि तुम्ही म्हणालात, असू दे, अशोकाच्या लुंबिनीच्या लेखातही राजाला 'लाजा'च म्हटलंय, माझी पोरगी त्या काळातली आहे. वर्षभर मला 'लाजा' म्हणून हाक मारलीत. मागच्या वर्षी त्या स्तंभापुढून जाताना 'लाजिन' कुठे आहे ते शोधायला मला अर्धं मिनिटही मिळालं नाही. 'देवानपियेन पियदसिन लाजिन', म्हणजे देवांच्या लाडक्या प्रियदर्शी राजाने; राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः आला, 'हिद बुधे जाते', इथे बुद्ध जन्मले, म्हणून त्याने दगडी खांब उभा केला, गावाला बळी नावाचा कर माफ केला, शेतसारा आठव्या हिश्श्यावर आणला. तुमच्या तोंडून हे मी शंभरदा ऐकलंय. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या पाच ओळी तुम्ही तुमच्या डोळ्यांनी, तुमच्या वेगाने, अक्षर अक्षर वाचाव्यात आणि मागून कोणी "चला काका" म्हणू नये. १४ ऑक्टोबर १९५६ ला आजी तुम्हाला कडेवर घेऊन किती तास उभी होती! तिच्या वाटणीचाही वेळ तिथे काढा.

मधे मला पिप्राव्याचंही सुचलं होतं. ते आपल्याच हद्दीत आहे, सिद्धार्थनगर जिल्ह्यात, सीमा ओलांडायचीच गरज नाही. १८९८ मध्ये तिथल्या स्तूपात बुद्धांच्या अस्थींपैकी शाक्यांच्या, म्हणजे त्यांच्या कुळाच्या, वाट्याचा करंडक सापडला. सगळ्यांना तिकडेच न्यावं, असं दोन रात्री मनात होतं. पण जन्मस्थान पंचवीस किलोमीटरवर असताना परत फिरायचं, हे मलाच पटलं नाही. वच्छलामावशीचं मतदार कार्ड वेळेत सापडलं नाही तर मात्र तिच्या सोबतीला कोणीतरी थांबून तिचं पिप्रावा करता येईल. तेव्हा आई, आजच तिच्याकडे जा आणि कपाटातल्या साड्यांखाली बघायला सांग. ती एकसष्ट वर्षांची आहे, तिला पासपोर्ट नाही, त्यामुळे मतदार ओळखपत्रच लागेल. पासष्टच्या पुढच्यांना आधार चालतं, म्हणजे तुम्हा दोघांचा प्रश्न नाही. पण मूळ कार्ड. झेरॉक्स नाही, मोबाइलमधला फोटो नाही.

शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा न्या. आपल्या शंभराचे तिकडे एकशे साठ होतात, दुकानदार दोन्ही घेतात, घाईत हिशेब करू नका. गोळ्या दोघांनी आपापल्या पिशवीत निम्म्या-निम्म्या ठेवायच्या, चिठ्ठीसकट. सीमेवर कोणीही, अगदी ओळखीचं वाटलं तरी, "ही पिशवी जरा धरा" म्हटलं तर धरायची नाही. आई, हे तुला. चपला सहज काढता-घालता येतील अशा, आणि मोजे. बाबा, दर दीड तासाला गाडी थांबेल, तसं मी ड्रायव्हरला लिहून दिलंय. तुम्हाला मागावं लागणार नाही. फक्त प्रत्येक वेळी उतरायचं आणि उतरण्याआधी अर्धा पेला पाणी. पोस्टातल्या काकांचा नातू सोबत आहे, त्याला मी सगळं सांगितलंय, त्याच्यावर रागावू नका.

पलीकडे गेल्यावर तुमचे फोन बहुधा बंद पडतील. त्या रात्री आवाज येणार नाही, दुसऱ्या दिवशी सोनौलीला परत आलात की आधी मला फोन. मी घड्याळ बघत बसणार आहे.

मी बरोबर यायचं म्हटलं होतं. दिवाळीत तुमच्या समोर, आजीच्या फोटोसमोर म्हटलं होतं. चिनूची दहावी नेमकी त्याच आठवड्यात येते आणि त्याला एकटं सोडवत नाही. तुम्ही दोघं काही बोलणार नाही, उलट "पोराकडे लक्ष दे" म्हणाल, त्यानेच मला जास्त लागतं. म्हणून ही एक रात्र माझ्याकडून समजा.

तुमची,
लाजा

ता. क. स्तंभाभोवती कठडा आहे, जवळ जाता येत नाही, त्यामुळे ते मोठं भिंग घरीच ठेवा. चिनूची पक्षी बघायची छोटी दुर्बीण कुरिअरने पाठवली आहे. मधलं चाक फिरवलं की अक्षरं स्पष्ट होतात. आधी गच्चीवरून समोरच्या दुकानाची पाटी वाचून सराव करा.